दुसऱ्या साक्षीदाराची जागा

माझ्याकडे जेवून गेलेल्या माणसांची एक कायमची तक्रार आहे. ही बाई आग्रह करत नाही म्हणे. भाजी वाढू का, असं मी एकदाच विचारते आणि नको म्हटलं की पातेलं परत ओट्यावर ठेवते. जाऊबाई तर तोंडावर म्हणाल्या होत्या, "अमेरिकेत राहून हात आखडलाय तुझा." आखडू दे. पूर्वी मी अशी नव्हते हो! माझ्या माहेरी मावश्या पानावर आडव्या धरलेल्या बोटांच्या फटीतून श्रीखंड वाढायच्या आणि पाहुणा कळवळला की खूश व्हायच्या. मीही त्यांच्यातलीच. चौऱ्याऐंशी सालचा हिवाळा लागेपर्यंत मी माणसाला उठूच द्यायची नाही. त्या हिवाळ्यात काय झालं ते मी कुणाला धड सांगितलेलं नाही, कारण माझं मलाच ते अजून धड कळलेलं नाही. सांगून बघते.

आम्ही तेव्हा व्हर्जिनियात हर्नडनला राहायचो. आजच्यासारखी काचेची ऑफिसं तेव्हा तिथे नव्हती. रेल्वेचा बंद पडलेला रूळ, दोन-चार दुकानं, लाकडी घरं आणि मधेच एखादं नवं अपार्टमेंट, त्यातल्या एकात आम्ही. नवरा सरकारी कामं घेणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर. सकाळी सातला गाडी घेऊन जायचा तो संध्याकाळी उगवायचा. मला ड्रायव्हिंग येत नव्हतं. एम.ए. केलेलं, मूलबाळ नाही, आणि दिवसभर चार भिंती. चालत जाता येईल अशी एकच जागा होती, लायब्ररी. तिथल्या बोर्डावर मी चिठ्ठी वाचली: दुपारी दोन तास कुणीतरी हवंय, साधं जेवण करायला आणि पेपर वाचून दाखवायला. पत्ता आमच्या मागच्याच गल्लीतला.

आमच्या ओळखीचे एक डॉक्टर होते, मूळ नागपूरचे, दर गणपतीत आरतीला येणारे. त्यांना कळल्यावर ते खो खो हसले. "वहिनी, एम.ए. होऊन गोऱ्या म्हातारीची स्वैपाकीण झालात होय!" मी म्हटलं, हो झाले, तुम्हाला काय त्याचं? पण लागलं मला ते.

म्हातारी अठ्ठ्याऐंशी वर्षांची. एकटी, लग्न न केलेली, जन्मभर शाळेत लॅटिन शिकवलेली. दिसायला चिमणीएवढी आणि तोंड असं फाटकं की पोस्टमनसुद्धा दबकून असायचा. नावाने हाक मार म्हणाली. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाईला नावाने कशी हाक मारू? मी आजी म्हणायला लागले. तिने अर्थ विचारला, नाक मुरडलं आणि चालवून घेतलं. आमचं सगळं बोलणं इंग्रजीत व्हायचं, पण मला आठवतं ते मराठीतूनच, तेव्हा तसंच लिहिते.

पहिल्याच आठवड्यात मी तिचा ओव्हन उघडला आणि आत वीट. साधी घर बांधायची लाल वीट, तापत ठेवलेली. मला वाटलं, झालं, बाई वेडी आहे, नवऱ्याला काय सांगू? ती मागून ओरडली, "हात लावू नकोस, भाजशील!" मग चिमट्याने वीट काढून पेपरात गुंडाळली आणि पायाखाली घेऊन पेपर ऐकायला बसली. म्हणाली, "फाटकाशी उभं राहायला लागल्यापासूनची सवय आहे ही."

कसलं फाटक? विचारायची सोय नव्हती, कारण विचारलं की म्हणायची, "पुढची बातमी वाच."

हळूहळू तुकड्यातुकड्यांनी कळलं. एकविसाव्या वर्षी ही बाई वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या घराच्या फाटकाबाहेर फलक घेऊन उभी राहायची. बायकांना मत द्यायचा हक्क द्या, म्हणून. बोलायचं नाही, घोषणा नाहीत, नुसतं उभं राहायचं. बर्फात पाय गोठायचे म्हणून पायाखाली तापवलेल्या विटा. लोक फलक फाडायचे, थुंकायचे. मग पोलिसांनी धरलं आणि इथून अर्ध्या-पाऊण तासावरच्या एका तुरुंगात टाकलं. रस्ता अडवला, असा गुन्हा.

मी पुरती गोंधळले. माझे आजोबाही तुरुंगात जाऊन आलेले. पण आमच्याकडे त्यांचा ताम्रपट दिवाणखान्यात होता, पंधरा ऑगस्टला शाळेत त्यांना पहिल्या खुर्चीवर बसवायचे. या बाईच्या घरात मात्र त्याचं एक चिटोरंसुद्धा भिंतीवर नाही. मी म्हटलं, "तुम्ही सांगत का नाही कुणाला?" ती म्हणाली, "वडिलांनी सगळ्यांना सांगितलं की मी आजारी होते. नंतर मला नोकरी हवी होती. मग तेच राहिलं."

नोव्हेंबरात निवडणूक आली. मी तिला हाताला धरून मतदानाला घेऊन गेले. रांग होती. कुणीतरी खुर्ची आणून दिली तर म्हणे, "मी उभी राहणार." चाळीस मिनिटं उभी राहिली. परत येताना विचारलं, "तू दिलंयस का मत? तुझ्या देशात?"

"दिलंय की. दोनदा."

"कुणाला?"

"सासऱ्यांनी सांगितलं त्या चिन्हावर शिक्का मारला."

ती रस्त्यातच थांबली. "आणि ते मिळवायला तुम्ही बायका किती दिवस तुरुंगात होतात?"

मी म्हटलं, त्यासाठी असं कुणी गेल्याचं मला ठाऊक नाही. देश स्वतंत्र झाला आणि पुरुषांबरोबर बायकांनाही मिळालं. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मला माझीच लाज वाटली. आणि मग रागही आला. मिळालं त्यात माझा काय गुन्हा?

एका गुरुवारी ती म्हणाली, तूही बस जेवायला. मी म्हटलं, माझा उपास आहे. अहाहा, काय डोळे चमकले म्हातारीचे! "उपास? कुणाविरुद्ध?"

"कुणाविरुद्ध नाही. गुरुवार आहे."

"मागणी काय आहे?"

"काही नाही हो. नवऱ्याला बढती मिळावी, एवढंच."

मग मी डब्यातली साबुदाण्याची खिचडी काढली, दाण्याचं कूट, तूप, बटाटा घातलेली, आणि बशी भरून खाल्ली. ती एक घास चाखून इतकी हसली की ठसका लागला. "आम्हाला असला उपास कुणी शिकवला असता तर वर्षभर केला असता!" तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तिने तुरुंगात उपास केले होते. किती दिवस, पुढे काय झालं, ते विचारायचं राहून गेलं. तिथेच माझी चूक झाली.

जानेवारीत तिला फ्लू झाला. चार दिवस नुसत्या पाण्यावर. पाचव्या दिवशी मी घरून शेवयांची खीर करून नेली, दूध आटवून, वेलची घालून. ती पलंगावर उशीला टेकून. म्हणाली, नको. आता आमच्याकडे पहिल्या नकोला कोण किंमत देतं? मी म्हटलं, दोन चमचे. ती म्हणाली, नको. मी म्हटलं, एक, माझ्यासाठी. ती म्हणाली, नको. तरी मी लहान मुलाला भरवतात तशी डाव्या हाताने तिची हनुवटी धरली, चमचा ओठाला लावला आणि म्हटलं, "आ करा बघू."

तिचे दात कट्कन मिटले. चमचा दातावर आपटला. मला वाटलं, खेळतेय. मी जरा रेटला.

तिने दोन्ही हातांनी वाटी उडवली. खीर माझ्या अंगावर, भिंतीवर, चादरीवर. वाटीचे तुकडे झाले. आणि तोंडातून असा आवाज काढला की मी तसा माणसाचा आवाज कधी ऐकला नव्हता. भिंतीला पाठ लावून गुडघे पोटाशी घेऊन बसली होती आणि मला ओळखत नव्हती.

मी कोट घातला आणि रडत घरी आले. अपमानाने रडत होते, खोटं कशाला सांगू? तासभर दूध आटवलं आणि तोंडावर फेकलं म्हातारीने! नवरा म्हणाला, "सोड ते काम. कोण कुठली बाई!" मी म्हटलं, उद्यापासून बंद.

सकाळी तिचा फोन आला. खीर कशात केली होतीस, असं विचारलं. मी फणकाऱ्याने म्हटलं, दुधात, आणखी कशात करतात? मग म्हणाली, "ये. सांगते."

उपासाच्या आठव्या दिवशी तुरुंगात डॉक्टर आला. चौघांनी हातपाय धरले, पाचव्याने डोकं. तिने दात मिटून घेतले, म्हणून नळी नाकातून घातली. घशातून पोटापर्यंत. मग वरून नरसाळ्याने कोमट दूध ओतलं, अंडी फेटलेलं. दिवसातून दोनदा, सात दिवस. "ते म्हणायचे, तुझ्या भल्यासाठी करतोय. डॉक्टर चांगला माणूस होता. तो खरंच घाबरला होता मी मरेन म्हणून." हे ती विटेवर पाय ठेवून, बाजारभाव सांगावेत तशी सांगत होती. त्यानंतर अडुसष्ट वर्षांत तिने कोमट दूध प्यायलं नव्हतं.

मी तिचे पाय धरले. तिला ते आवडलं नाही. "तू वाईट केलं नाहीस," म्हणाली, "पण तू ऐकलंही नाहीस. मी तीनदा नाही म्हटलं होतं."

घरी जाताना माझं डोकं बधिर झालं होतं. आमच्याकडे तीनदा नाही म्हणतात ते चौथ्यांदा हो म्हणायलाच. सगळ्या जगाला हे माहीत नाही, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी तिने तो कागद माझ्यापुढे ठेवला. स्वतः टाइप केलेला, जेमतेम पाच ओळींचा. मला बोलता येईनासं झालं तर नळीने मला अन्न घालू नये. एकदा माझ्या मनाविरुद्ध ते झालं आहे, पुन्हा नको. खाली तिची सही. तिच्याखाली साक्षीदारांच्या दोन जागा. नात्यातलं कुणी चालत नाही. पहिल्या जागी पोस्टमनची सही होती. दुसरी जागा कोरी.

"ही तुझी," ती म्हणाली. "घरी ने, वाच, मग कर."

मी नेला. आणि तिथेच घोडं अडलं. आमचे नागरिकत्वाचे अर्ज नुकतेच गेले होते. नवऱ्याने कागद वाचला आणि त्याचा चेहराच उतरला. "सही करायची नाही. कसल्याही कागदावर करायची नाही! अर्जात काय काय विचारलंय माहितेय ना? कोणाकोणाशी संबंध, तुरुंग, चळवळी, सगळं. आणि ही बाई सरकारच्या दारात उभी राहून जेलात गेलेली! उद्या माझ्या कंपनीत चौकशी आली तर?"

"अहो, अडुसष्ट वर्षं झाली त्याला."

"यांच्याकडे फायली असतात."

आज हसू येतं. पुढे दोन वर्षांनी मुलाखतीला गेले तेव्हा त्या माणसाने मला राज्यं किती आहेत ते विचारलं आणि एक वाक्य लिहायला लावलं, संपलं. पण तेव्हा आम्ही तिथली सगळी आपली माणसं तशीच होतो. साधं पार्किंगचं तिकीट आलं तरी आता हाकलतात की काय असं वाटायचं. एकट्या नवऱ्याला दोष देऊन चालणार नाही. मलाही भीतीच होती. वर दुसरीही एक गोष्ट होती, ती मी त्यालाही बोलले नाही. एखाद्याला खायला घालू नका, असं लिहिलेल्या कागदाखाली माझं नाव कसं घालू? माझ्या आईने ऐकलं असतं तर काय म्हणाली असती?

तेव्हा मी आपली टाळत राहिले. पर्स विसरले, पेन चालत नाही, पुढच्या आठवड्यात नक्की. ती दर सोमवारी विचारायची, "झालं?" चौथ्या सोमवारी विचारलं नाही. नुसतं म्हणाली, "नवऱ्याला विचारतेयस." प्रश्न नव्हताच तो. मी पेपर उघडून बातमी वाचायला लागले.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात पोस्टमनला ती स्वयंपाकघरात पडलेली सापडली. अर्धांगाचा झटका होता. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. हॉस्पिटलातून तिला जवळच्या एका नर्सिंग होममध्ये आणलं आणि तिथे बघणारे डॉक्टर कोण, तर आमचे नागपूरचे! ओहायोहून तिची भाची आली, साठीची, हसरी, थकलेली बाई. तिला आत्या म्हणजे निवृत्त शिक्षिका, एवढंच माहीत.

म्हातारी खात नव्हती. गिळता येत होतं, पण नर्सने चमचा आणला की दात मिटायची. सहाव्या दिवशी डॉक्टरांनी मला बाहेर गाठलं.

"वहिनी, बरं झालं आलात. तुमच्या हातचं खाते ना ती? प्रेमाने भरवा. तुमच्या हातून चार घास गेले तर ठीक, नाहीतर उद्या सकाळी नाकातून ट्यूब घालतो. भाचीने होकार दिलाय."

मी म्हटलं, "डॉक्टर, नळी नको."

"मग काय, उपाशी मारू?" त्यांचा आवाज एकदम चढला. मग खाली आला. "माझी आई गेली तेव्हा मी इथे होतो. शेवटी दहा दिवस पोटात अन्न नव्हतं तिच्या. भावाने पत्रात लिहिलं होतं. माझ्या वॉर्डात मी कुणाला तसं जाऊ देणार नाही."

त्यांना मी काय सांगणार होते? माणूस खरं बोलत होता. आणि माझ्या पर्समध्ये कागद होता, दुसरी जागा कोरी असलेला.

मी थर्मासमधून गुरगुट्या भात नेला होता, तूपमीठ घातलेला. तो तिला आवडायचा. पलंगाशी बसले, चमचा भरला आणि तिच्या तोंडाशी नेला. तिने माझ्याकडे पाहिलं, चांगलं ओळखून पाहिलं, आणि दात मिटले.

आता काय करू? रेटला तर मी तुरुंगवाली. नाही रेटला तर उद्या नळी, म्हणजे तुरुंगच. घास घेतला असता तर वाचली असती बाई! इतकी साधी गोष्ट होती. मला तिचाच राग आला. मी मराठीतच बडबडायला लागले, "अहो आजी, खा ना दोन घास, का असा छळ मांडलाय, माझ्या हातात काही नाहीये हो." मग लक्षात आलं की आहे. माझ्याच हातात आहे आणि गेले सहा आठवडे होतं. मग मी इंग्रजीत, अडखळत, सगळं सांगितलं. उद्या नळी घालणार आहेत. कागदावर मी सही केली नाही. मी घाबरले. चूक माझी आहे.

तिचा डावा हात चादरीवर हलला. मला वाटलं, मला मारणार. पण तिने अंगठा आणि दोन बोटं जुळवली आणि चादरीवर गिरवल्यासारखं केलं. एकदा, पुन्हा एकदा.

मी पर्स उघडली. कागद ट्रेवर ठेवला आणि माझं पूर्ण नाव लिहिलं, देवनागरीत, कारण माझी सही तशीच आहे. तारीख घालताना हात थांबला. जानेवारीची घातली तर कुणाला कळणार होतं? पण ती बघत होती. मी त्या दिवसाचीच घातली. मान वर केली तर दारात नवरा उभा, मला न्यायला आलेला, हातात गाडीची किल्ली.

"केलीस?"

"केली."

तो आत आला. किल्ली खिशात टाकून खुर्चीवर बसला.

मी भाचीला आणि डॉक्टरांना बोलावलं. भाचीने कागद दोनदा वाचला. 'एकदा झालं आहे' म्हणजे काय, असं विचारलं. मग मला ते सगळं सांगावं लागलं, फाटक, तुरुंग, चौघं, नरसाळं, तिच्यासमोरच. भाचीच्या चेहऱ्यावरचं हसू कधी गेलं ते मला दिसलंच नाही. "आम्हाला सांगितलं होतं ती त्या वर्षी आजारी होती," एवढंच म्हणाली. पण डॉक्टर तारखेवर बोट ठेवून उभे. "ही सही आजची आहे वहिनी. तिची जानेवारीतली. हे कुठे टिकणार नाही."

भाची माझ्याकडे वळली. "तू तेव्हा का नाही केलीस?"

नवऱ्याने मान खाली घातली. त्याचं नाव घेणं किती सोपं होतं! मी म्हटलं, "मी भ्याले. पण तिने मागितली होती. तीन सोमवार मागितली."

भाची आत्याजवळ गेली आणि विचारलं, "नळी नको?" म्हातारीने डोळे मिटले आणि उघडले. भाची डॉक्टरांना म्हणाली, नळी नको.

डॉक्टर कागद टेबलावर टाकून निघाले. दारात थांबून मला मराठीत म्हणाले, "तुम्ही मारताय तिला, वहिनी. लक्षात ठेवा." पुढच्या गणपतीला ते आमच्याकडे आले नाहीत.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी कसली सही केली? तिला वाचवली की संपवली? दुसऱ्या दिवशी दुपारी मी सवयीने भात केला आणि गेले. पण काढला नाही. थर्मास मांडीवर धरून पेपर वाचला. तिने दोन बर्फाचे खडे चोखले, बस. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. अक्षरं धूसर व्हायची, बातमी परत पहिल्यापासून वाचायला लागायची.

म्हातारी त्यानंतर जवळजवळ तीन आठवडे जगली. पण माझ्या मनातून जात नाही तो तिसरा दिवस. मी आदल्या दोन दिवसांसारखीच थर्मास मांडीवर घेऊन वाचत होते. तिने डाव्या हाताने पेपर खाली केला आणि थर्मासकडे बोट दाखवलं. मला वाटलं, उचलून ठेव म्हणतेय. मी उचलायला लागले तर मानेने नाही म्हणाली आणि तोंड उघडलं.

मी झाकण काढून चमचा भरला. तिने पहिला चमचा घेतला, गिळला. दुसरा. तिसरा. म्हणजे भूक होती! मग सहा दिवस का नाही, नळी टळावी म्हणून मी हाता-पाया पडले तेव्हा का नाही? तेव्हा नाही कळलं आणि आता तिच्याएवढी होत आले तरी पुरतं कळत नाही. चौथा चमचा घेतला. पाचवा तिने सावकाश, चव घेत खाल्ला, आणि ओठ मिटले. दात नाही, नुसते ओठ.

माझा सहावा चमचा भरलेला होता. 'एकच, माझ्यासाठी' हे अगदी जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं आणि चमचा थर्मासमध्ये परत ठेवला.